धुराड्यातली हाक

किझिल-बुलाक, २ ऑक्टोबर

व्याही ओरोझ्बाय यांना सायराकानचा सलाम.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र सागिनच्या मिनीबसमधून तोकमोकला पाठवतेय. तीस वर्षं मी या गावाचं टपाल वाटलं. पत्र कसं लिहावं ते मला ठाऊक आहे, आणि न उघडता कसं परत करतात तेही. तसं करू नका.

आधी खुशाली. तुमची लेक बेरमेत बरी आहे, सहावा महिना लागलाय. उलार अजून रशियातच आहे, दर रविवारी फोन करतो. घरात आम्ही दोघीच, सासू नि सून. लोक म्हणतात दोन बायका एका घरात म्हणजे दोन मांजरी एका पोत्यात, पण आमचं बरं चाललंय. पोरगी गुणाची आहे. हे तुम्हाला खूश करायला लिहीत नाही, खरंच आहे म्हणून लिहिते.

आता घराचं. तुम्ही बांधून दिलेल्या या घराचं दार फुगलंय. मी लाथ मारून उघडते. उत्तरेच्या भिंतीला भेग गेलीय. तिच्यात मी चिखल भरला. खिडकीखालून वारा येतो, तिथं पोतं लावलंय. यातल्या कशासाठीही मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण धुराडं! खिंडीतून वारा सुटला की चुलीमागच्या भिंतीतून आवाज येतो. शीळ म्हणावी तर शीळ नाही. लांबून कुणी माणूस हाक मारतोय असा. पहिल्यांदा आला तेव्हा बेरमेतच्या हातातून वाडगा पडला.

तुम्ही का येत नाही ते मला कळतं. छप्पर चढलं त्या दिवशीच्या जेवणात व्याह्याच्या ताटात खुब्याचं मानाचं हाड यायला हवं होतं, तुमच्या ताटात नळी आली, आणि खुबा गेला जिल्ह्याच्या त्या अधिकाऱ्याकडे. भाच्याच्या हातून ताटं बदलली हो. गर्दी होती, पोराचा गोंधळ झाला. तुम्ही न जेवता उठलात, दुसऱ्या दिवशी धुराड्याच्या शेवटच्या विटा लावल्यात आणि चहासुद्धा न घेता निघून गेलात. आपल्यात म्हणतात ना, जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा. हजार वर्षांचं नातं एका हाडापायी मोडायचं का?

बर्फ पडायच्या आत या. एक दिवसाचं काम आहे. बाळंतीण या घरात हिवाळा काढणार आहे.

तुमची विहीण,
सायराकान


१९ ऑक्टोबर

व्याही,

सागिननं तुमचा निरोप सांगितला, तोही सगळ्या प्रवाशांसमोर, नक्कल करून: "माझ्या हातची चूल बोलत नाही. घरवाल्यांच्या मनात खोट असली तर बोलते." गाडीतली माणसं हसली. मीही हसले. घरी येऊन मग भांडी आपटली.

तुमची खोट-बीट राहू द्या. इथं काय चाललंय ते ऐका. गावात सगळ्यांचं एकच म्हणणं, की बेयशेनचा आत्मा उपाशी आहे. माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली, नव्या घराची त्याला वाट सापडली नाही, म्हणून तो धुराड्यातून बोलावतोय. दुकानदारीण बातमा म्हणाली, "अगं सायरा, वास सोड ना त्याच्यासाठी! तेलाचा वास गेला की तृप्त होईल." मग काय, चार शुक्रवार झाले, कणकेचे तुकडे तळतेय, दुआ म्हणतेय, शेजारी वाटतेय. अख्खी गल्ली माझे बोरसोक खाऊन जाड झाली. बेयशेन मात्र तृप्त होत नाही.

कारण तो आवाज, व्याही, मला नावानं बोलावतो. "सा... य... रा." आधी मी कुणाला सांगितलं नाही, पण परवा बेरमेतच म्हणाली, "आपा, तुम्हाला कुणीतरी हाक मारतंय." मी म्हटलं, वारा आहे पोरी. ती म्हणाली, "वाऱ्याला तुमचं नाव कसं माहीत?"

आता मी काही बुवा-बाबाच्या नादी लागणारी नाही. शेजारच्या गावातून चुली बांधणारा म्हातारा कालमुर्झा बोलावला. तो छपरावर चढला, धुराड्यात कान घातला, आणि खाली उतरला तो गालात हसतच. म्हणाला, "बाटलीचा गळा. विटांमध्ये बसवलाय, तोंड वाऱ्याकडे. कारागिराला दुखावलंत का आपा?" तुम्हा कारागिरांची ही जुनी खोड आहे म्हणे, रशियन उस्तादांकडून शिकलेली. मालकानं अपमान केला की भिंतीत बाटली, मग बस आयुष्यभर ऐकत! मी म्हटलं, काढ ती. तर हात झटकून म्हणतो, "छे. दुसऱ्या उस्तादाच्या चुलीला मी हात लावणार नाही. ज्यानं घातली त्यानंच काढायची. आमच्यात हाच नेम आहे."

आता लाज कुणाला वाटायला हवी? बेयशेन माझ्या हातात हात ठेवून गेला, अख्ख्या गावाला माहीत आहे. अशा माणसाचा आवाज तुम्ही बाटलीतून काढता? आणि तोही स्वतःची लेक ज्या चुलीपाशी झोपते तिथं? थट्टा म्हणून केलंत, मान्य. थट्टा झाली. आता येऊन काढा.

सायराकान


३ नोव्हेंबर

व्याही ओरोझ्बाय,

तुमच्या हातचा कागद मिळाला. एकच ओळ: "अपमान चारचौघांत झाला, माफीही चारचौघांत मागा." अक्षर चांगलं आहे तुमचं. शाळेत बरे असणार.

मी माफी मागणार नाही. पण खोटं बोलले होते ते सांगते. ताटं बदलली नव्हती. भाच्याला मीच खुणावलं होतं. विजेच्या जोडणीचा कागद त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन महिने पडून होता, मला सही हवी होती. वाटलं, व्याही घरचा माणूस, समजून घेईल. खुब्याच्या तुकड्यावर सही मिळाली, आठवड्यात दिवे लागले. त्याच दिव्याखाली बसून तुम्हाला लिहितेय. झालं समाधान? हे एवढं कबूल करायला मला महिना लागला, चारचौघांत म्हणाल तर जन्म लागेल. माझा स्वभावच तसा आहे.

पण तुम्ही या हो. मी हात जोडते. वारा आता रोजचाच झालाय. बेरमेत रात्रभर कूस बदलते, जेवत नाही, कानात कापूस घालून फिरते. काल म्हणाली, "आपा, बाबांना मी फोन करू का?" तिला मी नको म्हटलं. आपल्या भांडणात पोरीला मध्ये घालायचं नाही, एवढी अब्रू तरी दोघांनी राखू. शिवाय तुम्ही तिचंही ऐकलं नाहीत तर ती कुणाकडे बघेल?

आणि माझं विचाराल तर, मी खोलीत बसू शकत नाही. गोठ्यात जाऊन बसते. तिथंही ऐकू येतं. मी गायीच्या पोटाला कान लावते, म्हणजे तिचं रवंथ ऐकू येतं आणि ती हाक ऐकू येत नाही. साठ वर्षांची बाई, आणि गायीला मिठी मारून बसलेली! हसा.

सायराकान


११ नोव्हेंबर

व्याही,

यायची तसदी घेऊ नका. आवाज बंद झालाय. परवापासून. आपोआप.

वारा आहे, चांगला सोसाट्याचा आहे, पण भिंत गप्प. बेयशेनला वाट सापडली असावी, किंवा तुमची बाटली फुटली असावी, मला काय करायचंय. बेरमेत दोन रात्री गाढ झोपली. इतकी गाढ की सकाळी हलवून उठवावी लागते.

चूल जरा आळसावल्यासारखी जळते, धूर मध्येच खोलीत येतो. पण तुमच्या हातचं काम म्हटल्यावर एवढं चालायचंच. बेरमेतचं डोकं दुखतं. सातवा महिना आहे, डोकं दुखणारच, मलाही उलारच्या वेळी दुखायचं. काल दुपारी मात्र एक विचित्र बोलली. म्हणाली, "आपा, सासरे आत्ता चुलीपाशी बसले होते. बोडक्या डोक्यानं." मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल. ती म्हणाली, "नाही, जागी होते. टोपी शोधत होते." मी पुन्हा बोरसोक तळले, मोठी कढई भरून, दारं-खिडक्या लावून, म्हणजे वास वाया जाऊ नये.

असो. तुम्ही जिंकलात की मी, ते देवाला माहीत. माझ्याकडून वाद संपला.

सायराकान


१६ नोव्हेंबर, जिल्ह्याचं इस्पितळ

ओरोझ्बाय,

तुमची लेक इस्पितळात आहे. काल दुपारी मी खालच्या गल्लीत एका मयताच्या वर्षदिनाच्या जेवणाला गेले होते. बर्फ सुरू झालं म्हणून लवकर परतले. दार आतून लागलेलं नव्हतं, फुगलेलंच होतं, लाथ मारून उघडलं. बेरमेत चुलीसमोर आडवी. ओठ लाल लाल, जसे रंगवलेत. मी तिला काखेत धरून ओढत अंगणात आणली, बर्फात. सागिननं गाडी कशी हाकली ते त्यालाच माहीत.

ती शुद्धीवर आलीय. डॉक्टरीण म्हणते कोळशाच्या धुराचा वायू. धुराडं तुंबलं होतं. बाळाचे ठोके आहेत. बाकी जन्मल्यावर कळेल, आत्ता कुणीच सांगू शकत नाही.

तुमच्या बाटलीनं हे केलंय. या आणि बघा.

सायराकान


८ डिसेंबर, किझिल-बुलाक

व्याही ओरोझ्बाय,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा नव्या चुलीत घातलं. चूल छान ओढते, कागद एका दमात जातो. पाचव्यांदा लिहितेय. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड आज मोडायचीय.

तुम्ही माझं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलात. आधी इस्पितळात, मग इथं. अंगणात निम्मं गाव जमलं होतं. तुम्ही कुणाशी न बोलता भिंत फोडलीत, वरच्या विटांतून हिरव्या काचेचा तो गळा काढलात आणि सगळ्यांना दाखवलात. मग खालच्या, काजळी काढायच्या झाकणातून हात घातलात, खांद्यापर्यंत. मी दारात उभी होते. तुमचा हात बाहेर आला तेव्हा त्यात लोकरीच्या नमद्याची टोपी होती. काळी झालेली, पण काठावरची नक्षी दिसत होती. ती नक्षी मीच भरलेली आहे, व्याही. बेयशेनच्या पन्नाशीला.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली बघितलं. तुम्ही ती टोपी कोटाच्या आत काखेत घातलीत, वळलात आणि लोकांना म्हणालात, "हे माझ्या हातचं पाप. बाटली माझी, चूल माझी. दुसऱ्या कुणाचा दोष नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बातमा थुंकली, म्हाताऱ्या इमामानं सांगितलं की या दरीत याला पुन्हा कुणी काम देऊ नये, आणि माझं तोंड मिटलं. चार दिवस तुम्ही नवी चूल बांधत होतात. पाव तुमचा, चहा तुमच्याच थर्मासातला, झोपायला कालमुर्झाकडे. माझ्याशी एक शब्द नाही. निघताना सागिननं तुम्हाला गाडीत घेतलं नाही. पाठीवर अवजारांची पिशवी घेऊन तुम्ही हमरस्त्यापर्यंत बर्फातून चालत गेलात, आणि मी खिडकीच्या पोत्यामागून बघत राहिले. रविवारी उलारचा फोन आला. तुम्हाला त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या पोटच्या पोराच्या तोंडी मी कधी ऐकल्या नव्हत्या. मी म्हटलं, "हो रे बाळा, हो." लाज वाटते सांगायला, पण म्हटलं.

आता टोपीचं ऐका. बाटलीची थट्टा तुमची होती, पण तिनं कुणी मरत नव्हतं. आवाज मला सहन होत नव्हता. बेयशेन माझ्या हातात हात ठेवून गेला नाही. शेवटच्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला होता, दिवसातून चाळीस वेळा हाक मारायचा. पाणी दे, उशी वळव, खिडकी उघड, लाव. त्या दिवशी वारा होता. मी गोठ्यात धार काढत होते. त्यानं हाक मारली: सायरा. मी म्हटलं, येते. पुन्हा मारली. मी म्हटलं, येते म्हटलं ना, जीव घेतोस का माझा! गाय अर्धी सोडली की दूध चढतं, तुम्हाला माहीत आहे. शेवटची हाक लांबलचक होती आणि मग काही नाही. मला बरं वाटलं, व्याही. वाटलं, चला, झोपला. सगळी धार काढून, दूध गाळून, हात धुऊन मग मी आत गेले.

तुम्हाला हे कसं ठाऊक असणार? तुम्ही रागाच्या भरात एक बाटली बसवली, ती कुठल्याही घरात रडली असती. या घरात तिला माझं नाव सापडलं. नऊ नोव्हेंबरला बेरमेत दुकानात गेली होती. वारा सुटला, हाक सुरू झाली, आणि मी पेटीतून त्याची टोपी काढली. घरात दुसरं काय नव्हतं का? चिंध्या होत्या, पोती होती. पण मला तीच हवी होती. झाकण उघडून मी ती लोखंडी सळईनं वर ढकलली. म्हटलं, घे, तुझ्याच तोंडात घे, आता बोल! अर्धीच बसवली होती. अर्ध्यातून धूर जाईल असं वाटलं. मग खरंच गप्प झाला आणि मी रडले, सुटले म्हणून.

बेरमेतला तो बोडका दिसला, तेव्हा मला कळायला हवं होतं. डॉक्टरीण सांगते, त्या वायूनं माणसाला भास होतात. मी समजले टोपी मागायला आलाय, आणि भीतीपोटी दारं लावून अजून कोळसा घातला, अजून तळलं. पोरीला मी सहा दिवस थोडी थोडी मारत होते आणि वर दुआ म्हणत होते.

मग मी आत्ता का बोलतेय? परवा बेरमेत इस्पितळातून घरी आली. जेवताना सहज म्हणाली, "उलार म्हणतो, बाळाला माझ्या वडिलांच्या दारात कधी न्यायचं नाही. मी हो म्हटलं. माझा बाप मेला, आपा." चमच्यानं सूप ढवळत म्हणाली. आवाज अगदी साधा होता. तुम्ही तिच्यासाठीच गप्प राहिलात, हो ना? तिला याच घरात, याच सासूजवळ दिवस काढायचे आहेत, तिचा माझ्यावरचा विश्वास मोडू नये म्हणून. आणि त्या गप्प राहण्यानं तुमचीच लेक तुमच्यापासून तुटत होती. मी ते होऊ दिलं असतं. खरंच दिलं असतं, ती ते वाक्य बोलली नसती तर.

मी तिला सगळं सांगितलं. टोपी, गोठा, सगळं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "मी जमिनीवर पडले होते तेव्हा तुम्हाला दारातच कळलं होतं का, कशानं ते?" मी म्हटलं, हो. मग तिनं सूप संपवलं, वाडगा धुतला आणि कपडे बांधायला घेतले.

उलारला रात्री फोन करून सांगितलं. सांगून झालं आणि फोन कट झाला. रेंज गेली की त्यानं ठेवला, माहीत नाही. आज सकाळी बातमाला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच. दुपारच्या नमाजानंतर इमामाच्या दारी जाऊन सांगितलं. सागिनला सांगितलं तेव्हा त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाला, "आपा, मी त्या माणसाला बर्फात चालवलं." मी म्हटलं, तू नाही रे, मी.

व्याही, चूल आता अगदी गप्प आहे. वारा कितीही असो. तुमच्यासारखं काम दरीत कुणाचं नाही. सगळ्यांत वाईट सांगते: मी चुलीला कान लावून बसते. त्यानं एकदा हाक मारावी, फक्त एकदा, मी धार तशीच टाकून धावत जाईन असं वाटतं. पण आता भिंतीत काहीच नाही.

बेरमेतला मी थांब म्हटलं नाही. सासूचा तो हक्क मी घालवला. तिला चरबीचा वास सोसत नाही, मटण बाहेर शिजवा. डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय, ऐकत नाही. सहा जानेवारीला तपासणी आहे, कागद तिच्या पिशवीत वरच्या कप्प्यात आहेत. बाळ झालं की मला कळवायचं की नाही ते तिचं तिनं ठरवावं. मी फोन करणार नाही.

इथवरचं पत्र तिनं वाचलंय, हे शेवटचं मी गाडीपाशी उभी राहून लिहितेय. तीच तुमच्या हातात देईल. ती गाडीत पुढं बसलीय. काच खाली केलीय, बर्फाचे कण तिच्या मांडीवर पडतायत, आणि सागिन कुरकुरतोय, "पोरी, थंडी आहे, लाव ना ती." ती लावत नाही. त्याच काचेतून मी पत्र देतेय.

सायराकान